भाकरी उलटण्यापुरती चाल

“आरं, मेलं का कोण? वाजवा की,” सासरे ओरडत होते, आणि कुरुळीच्या वेशीत सबंध वरात एक पाय उचलून उभी होती. सासऱ्यांचा आवाज असा, की ते घरात खाकरले तरी कासारवाडी स्टेशनातली गाडी निशाणाची वाट न बघता सुटायची. बँड त्यांचा, मोठा ढोल त्यांच्याच पोटावर, आणि चाल माझी. पंचक्रोशीत बाईनं बांधलेली चाल बँडवर पहिल्यांदाच वाजत होती. सासऱ्यांनी आधीच बजावलं होतं, “पडली, तर पेटी तुझ्या माहेरी धाडतो.” ती बाजाची पेटी म्हणजे माझा तिसरा हात.

मी बैलगाडीत, बायकांमध्ये. कपाळावर हात मारला, कारण घोळ कुठं झाला ते मला उमगलं होतं.

बाईमाणसानं बँडवाल्यांत बसायचं नाही. म्हणून क्लॅरिनेट वाजवणारा माझा दीर स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसून चाल कानानं उचलायचा. मी भाकऱ्या करता करता गुणगुणायची. तव्यावरची भाकरी उलटायची वेळ आली की गप्प. बोटं भाजत असताना कोण गातंय? त्या भल्या माणसानं माझं गप्प बसणंही इमानानं पाठ केलं आणि सगळ्या बँडला पढवलं. सासरे तेव्हा पिंपरीच्या कारखान्यात पाळीवर, तालमीला नव्हतेच. आता दर भाकरीला बँड थांबत होता आणि त्यांचा ढोल एकटाच पुढं जात होता.

पुढची भाकरी आली. बँड गप्प. सासऱ्यांनी संतापून ढोलावर असा दणका दिला की महाळुंग्यात कोंबड्या अंड्यावरून उठल्या. त्या दणक्यावर वरातीचे सगळे उचललेले पाय एकदम खाली आले. मग हशा पिकला. नवरदेवाचा मामा म्हणाला, “राव, ते पाय अडकवायचं पुन्यांदा वाजवा.”

सात वेळा वाजवलं. नवरदेव उतरून नाचला, रिकामा घोडा नाचला, आणि माझ्या छातीवरचं जातं उतरलं. पुढं जन्मभर मी चाली बांधल्या, पण अडखळली नाही अशी चाल लोकांनी माझ्याकडून घेतली नाही.

घरी आल्यावर पदर सावरत मी सासूबाईंना हळूच विचारलं, “आत्याबाई, पेटी ऱ्हायली म्हणायची का?”

त्या बोलायच्या आधी ढोलाचा पट्टा सोडणारे सासरेच भिंतीकडे बघत बोलले, “हितनं फुडं भाकऱ्या हिलाच करू द्या.”