स्टँडच्या डाव्या पायांखाली

टँक अर्धा भरला आणि लेव्हलमधला बुडबुडा पुन्हा उजवीकडे सरकला. बुडबुडा जिकडे जातो ती बाजू उंच. म्हणजे डावी बाजू खाली गेली होती. त्याच बाजूच्या दोन्ही पायांखाली लोखंडी पट्ट्या सारून मी आत्ताच स्टँड सरळ केला होता. फरशी वाकडी असते, मान्य. पण आपण बघत असताना ती आणखी वाकडी होत नाही.

ही गोष्ट साठ सालानंतरची, बंगळुरातल्या चामराजपेटेतली. मी तेव्हा एका वर्कशॉपमध्ये होतो. लोखंडी अँगलच्या चौकटीत पुटीनं जाड काचा बसवून आम्ही फिशटँक बनवायचो आणि गिऱ्हाइकाच्या घरी बसवूनही द्यायचो. लोकांना वाटतं, टँक बनवणं अवघड. छे हो, अवघड आहे ते बसवणं. स्टँडचा एक पाय जरी अधांतरी राहिला तरी भरलेल्या टँकची चौकट पिळली जाते. लोखंड पीळ सोसतं, काच सोसत नाही. म्हणून थोडं पाणी भरायचं, लेव्हल लावायची, थांबायचं, मग पुढचं पाणी. आमच्याकडचे गवंडी या लेव्हलला रसमट्ट म्हणतात.

गिऱ्हाईक होते देशपांडे साहेब. पुण्याहून इथल्या एका कारखान्यात ऑफिसर म्हणून आलेले. जुन्या घराचा वरचा मजला त्यांनी भाड्यानं घेतला होता. संध्याकाळी त्यांचे मोठे साहेब जेवायला येणार होते आणि त्यांना मासे दाखवायचे होते. मासे बिचारे तोवर बादलीत. खालच्या मजल्यावर घरमालकीण सरोजाअक्का राहायच्या. आमच्यासारखंच पिढ्यान्‌पिढ्या इथं मुरलेलं मराठी घर. त्यांच्या नातवाचं त्या दिवशी बारसं होतं. बायकांचा गलका वरपर्यंत येत होता.

आधी मी सगळा दोष फरशीलाच दिला होता. जुन्या घरांतली जमीन मुद्दाम उतरती करतात. रोज बादल्यांनी पाणी ओतून घर धुतात ना, ते पाणी मोरीकडे पळावं म्हणून. इथं मोरी डावीकडे होती, म्हणून उतारही डावीकडे, असा माझा साधा हिशेब. पण बुडबुडा पुन्हा हलला तेव्हा तो हिशेब फसला. उतार जागचा हलत नाही. मी पाणी बंद केलं आणि फरशीला कान लावला. आत बारीक करकर ऐकू येत होती.

"साहेब, टँक रिकामा करू या."

"आत्ता? अहो, माणसं यायची वेळ झाली. घाला की आणखी एक पट्टी."

"पट्टीनं भागणार नाही. जमीनच बसतेय."

ते हसले. म्हणाले, एवढं दणकट घर, तुमच्या टँकनं पडतंय होय? मला हसू आलं नाही. ही घरं मद्रास टेरेसची. सागवानी तुळया दोन्हीकडच्या भिंतींत खोचायच्या, त्यांच्यावर चुन्यात उभ्या विटा आणि त्यावर फरशी. जड वस्तू भिंतीला लागून ठेवावी, कारण तिथं तुळईला भिंतीचा आधार असतो. मी टँक तसाच ठेवला होता. डावे पाय एका तुळईवर, उजवे दुसरीवर. म्हणजे भानगड डाव्या तुळईत होती आणि तिच्यावर तांदळाची पोती रचावीत तसं वजन बसलं होतं.

रबरी नळीचं एक टोक टँकमध्ये सोडलं, दुसरं तोंडानं ओढून मोरीत टाकलं. पाणी जायला लागलं. पण बोटाएवढ्या नळीनं टँक काही चुटकीसरशी रिकामा होत नाही. मी जिन्याकडे वळलो तर साहेबांनी माझा हात धरला.

"खाली काही बोलू नका हं, अण्णा. अक्कांना मी काचेचं छोटंसं भांडं आणतोय म्हणून सांगितलंय. घर सोडायला लावतील मला."

कशाला खोटं बोलू, मी घाबरलो होतो. साहेब बिथरले तर वर्कशॉपचे मालक मला घरी बसवतील, ही एक भीती. खाली काय दिसेल, ही दुसरी. दुसरी मोठी होती. साहेबांना टँकपासून लांब उभं राहायला सांगितलं आणि जिना उतरलो.

बारसं म्हणजे बायकांचं राज्य. पुरुष मंडळी बाहेर ओसरीवर पान चघळत बसलेली. मी भिजलेल्या पँटनं सरळ माजघराच्या दारात जाऊन उभा राहिलो आणि वर बघितलं. डावी तुळई जिथं भिंतीत शिरत होती तिथं बोटभर काळी फट पडली होती. त्याच तुळईच्या कडीला पाळणा टांगला होता. साखळ्यांना शेवंतीच्या माळा गुंडाळलेल्या.

पाळण्यात अजून बाळ नव्हतं, वरवंटा होता. आमच्याकडे बाळाच्या आधी वरवंट्याला टोपडं घालून पाळण्यात निजवतात आणि झोके देतात. वरवंट्यासारखा टणक हो, असा बाळाला आशीर्वाद. मग बाळाची पाळी. झोके चालू होते. प्रत्येक झोक्याबरोबर त्या फटीतून चुना भुरभुर गळत होता. बायका गात होत्या, त्यामुळे करकर कुणाला ऐकूच येत नव्हती. आणि पाळण्याशेजारी अक्कांची लेक विमल बाळाला घेऊन उभी होती.

"अक्का, झोका थांबवा," मी म्हणालो. "बाळ आत घालू नका. तुळई सुटायला आलीय."

गाणं थांबलं. सगळ्या माझ्याकडे बघायला लागल्या. अक्कांनी आधी मी कोण ते विचारलं, मग बायकांत कशाला शिरलात म्हणून झापलं. मी वरच्या टँकचं सांगितलं, फट दाखवली. त्या म्हणाल्या, ती भेग कधीचीच आहे. घरात शुभकार्य असलं की माणसाला चांगलंच दिसतं, वाईट दिसतच नाही. त्यांचा तरी काय दोष?

"बांधलेला पाळणा असा सोडत नाहीत," त्या म्हणाल्या. "मुहूर्त टळतोय. बाळाला एकदा निजवू दे, मग बघा तुमचं काय ते. आण गं विमल."

त्यांनी हात पुढे केले. परक्याच्या घरात बाळाला हिसकावून कसं घेणार? विमलनं वर बघितलं. मग बाळाच्या दुपट्यावर पडलेली पांढरी भुकटी बोटानं पुसली.

"आई, मी देत नाही."

"हट्ट करू नकोस. चार माणसांत शोभतं का?"

"मी बाळ देत नाही म्हटलं ना."

एवढं बोलून ती बाळाला छातीशी धरून ओसरीकडे चालू लागली. बाळंतिणीला काय झालं, कुणाची दृष्ट लागली, असं करत बायका तिची समजूत घालायला मागोमाग निघाल्या. पाहता पाहता माजघर रिकामं झालं. अक्का तेवढ्या पाळण्याची साखळी धरून उभ्या राहिल्या. मी त्यांचा दंड धरला आणि ओढलं. तसं कुणी कुणाच्या घरच्या बाईला धरत नाही, पण मी धरलं. त्या ओरडणार, तेवढ्यात वर कडाड वाजलं.

तुळईचं टोक भिंतीतून निसटलं. विटा, चुना आणि मागून सगळं पाणी धो धो खाली आलं. आम्ही दोघं उंबऱ्यात पडलो होतो. धूळ बसल्यावर दिसलं, पाळणा साखळ्यांसकट जमिनीवर होता. त्याची एक बाजू विटांखाली चेपली होती आणि टोपड्यातल्या वरवंट्याचे दोन तुकडे झाले होते. साहेब वरून ओरडत होते, म्हणजे जिवंत होते. स्टँडचे डावे पाय फरशीतून खाली लोंबत होते. टँकची एकही काच शिल्लक नव्हती.

नंतर गवंड्यानं तुळई काढली. भिंतीतलं टोक वाळवीनं पोखरलेलं होतं. बाहेरून रंग, आत नुसता भुसा. टँक नसता तरी ती कधीतरी पडलीच असती, असं साहेब सगळ्यांना सांगत राहिले. असेलही. पण त्या दिवशी ती टँकनंच पडली. मासे मात्र बादलीत सुखरूप होते. मोठे साहेब आले, त्यांनी तेच बघितले.

अक्का उठल्या, दगडमातीतून वरवंट्याचे दोन्ही तुकडे उचलले आणि पदरात घेतले. बाळाचं नाव ओसरीवर, विमलच्या मांडीवरच ठेवलं गेलं.

पुढे मी पुष्कळ टँक बसवले. पण वरच्या मजल्याचं काम असलं की आधी खालच्या बिऱ्हाडाचं दार वाजवायचो. गिऱ्हाइकं वैतागायची. टँक वर बसवायचाय, तुम्ही खाली काय बघता? मी म्हणायचो, स्वल्प थांबा. रसमट्ट जमिनीचा उतार सांगतो. त्या जमिनीखाली कोण झोपतं, ते सांगत नाही.