शेवटच्या नंबराचा फोन

दीपनगरच्या क्वार्टरमध्ये मी एकटी राहते. नोकरी वीजकेंद्रात, बोलणं कामापुरतं. शेजारच्या अक्का रोज विचारतात, "एकटीसाठी काय करतेस गं स्वयंपाकाला?" मी खिचडी म्हणते आणि दार लावून घेते.

माझा आठवडा उजाडतो तो रविवारी. धुळ्याला, देवपूरच्या कॉलेजात, आम्ही सहाजणी बास्केटबॉल खेळायचो. आता पांगलो, गुडघेही कुरकुरतात, म्हणून मोबाईलवर फँटसी लीग खेळतो. प्रत्येकीने अमेरिकेतले खरे खेळाडू निवडून आपली टीम बांधायची; ते मैदानात जसे खेळतील तसे आपल्याला गुण. लीगमध्ये दोन डिव्हिजन आहेत. एकात आमच्या नंतरच्या मुली, दुसऱ्यात आम्ही. आमच्या सहा टीमचा क्रम दर रविवारी मी लावते आणि ग्रुपवर टाकते. गुण काय, ॲप सांगतंच. पण कुणाची टीम खरी दमदार आणि कोण नुसत्या नशिबावर तरतंय ते मी सांगते, आणि एकेकीची चांगली खेचते. नियम एकच. जिला शेवटचा नंबर मिळेल तिने मेसेज करायचा नाही, फोन करून भांडायचं. कॉलेजात सरांनी बाकावर बसवलं की आम्ही तोंडावर भांडायचो, तीच ही खोड.

हल्ली मात्र मी खेळ बघून क्रम लावतच नाही. जिचा आवाज ऐकावासा वाटतो तिला शेवटी टाकते.

सगळ्यांत जास्त वेळा शेवटी गेली ती साक्रीकडची माझी मैत्रीण. आता बंगळुरूला असते. चिडली की थेट अहिराणीत उतरते. "तुना डोया फुटनात का वं? मनी टीम पहिली शे, बठ्ठास्ले माहीत शे!" म्हणजे तिची टीम पहिली, हे सगळ्यांना ठाऊक, फक्त मीच आंधळी. मग मी मुद्दाम फाटे फोडत बसायची, म्हणजे फोन लांबतो. तेवढ्या भांडणावर माझे पुढचे दिवस निघायचे.

गेल्या रविवारी तिची टीम ओळीने जिंकत होती, म्हणून नेमकं तिलाच शेवटी टाकलं. म्हटलं, आता पेटेल. दुपार सरली, फोन नाही. संध्याकाळी ग्रुपवर तिचं एकच वाक्य आलं, "बरोबर आहे क्रम." बाकीच्यांनी त्यावर अंगठे टाकले. मला इतकं वाईट वाटलं, की वाढलेलं ताट तसंच राहिलं. भांडण्याइतकीही मी तिची उरले नव्हते.

शेवटी मीच फोन लावला.

"भांडली का नाहीस?"

"दमले गं. तू लावलास ना, मग ठीकच असेल."

"ठीक कसला! तू पहिली आहेस. तुझा फोन यावा म्हणून शेवटी टाकलं. मला इथे करमत नाही."

ती हळूच म्हणाली, "माले बी नई करमत वं."

त्यानंतर बराच वेळ फोन कोणीच ठेवला नाही.