बर्फाला टेकवलेली नळी

आमच्या दवाखान्याच्या लॅबमध्ये एक कायदा होता आणि तो माझा होता. नमुना आला की आधी फ्रिजमध्ये. रक्त असो, लघवी असो, काहीही असो. सोलापूरच्या मे महिन्यात टेबलावरचं दूध तासाभरात नासतं, तिथं नमुन्यांची काय कथा! नव्या मुलींपैकी कुणी नळी बाहेर विसरली की माझं तोंड सुटायचं. "भाजी हाय व्हय ती, टोपलीत पसरून ठेवायला?" त्या माझ्या माघारी मला फ्रिजवाली म्हणत. मला ठाऊक होतं, आणि अभिमानच होता त्याचा.

दुष्काळातल्या त्या उन्हाळ्यात माझा धाकटा भाऊ बावीस वर्षांचा होता. नवी पेठेत कापडाच्या दुकानात कामाला, राहायला माझ्याकडे. सोमवारी दुकान बंद असलं की गाव गाठायचा. टेंभुर्णीच्या अलीकडे आमचं शेत. विहिरीचं पाणी तळाला गेलेलं, हिरवं, आणि अंघोळीच्या पाण्याइतकं कोमट. पण मुटका मारल्याशिवाय याला सुटी पचायची नाही. मुटका म्हणजे गुडघे पोटाशी घेऊन काठावरून उडी, आणि पाणी किती उंच उडतं त्यावर पैजा. पाणी सणकन नाकात जातं. हा वर येऊन नाक शिंकरायचा आणि हसत सुटायचा. घरी आला की ऐकवायचा, "आक्का, आज पाणी पार वरल्या पायरीला लागलं बघ!"

"मोठा पराक्रम केलास," मी म्हणायचे.

त्या शुक्रवारी जेवताना म्हणाला, "आक्का, कालवणाला वासच न्हाय की." मी चिडले. लसणाची फोडणी दिलेली, शेजारीपाजारी शिंकत होते. "नखरे करू नकोस, गीळ," म्हणाले. माझ्या हातचं त्याचं ते शेवटचं जेवण. शनिवारी डोकं फुटतंय म्हणून भिंत धरून बसला. अंग तव्यासारखं तापलेलं. रविवारी सकाळी मान वाकेना, तेव्हा आमच्याच दवाखान्यात नेऊन दाखल केला. निरोप गेला होता, आई पहिल्या एस.टी.नं आली आणि वऱ्हांड्यात बसून राहिली.

डॉक्टरांनी पाठीच्या मणक्यातून पाणी काढलं. गढूळ होतं. नळी आईच्या देखत माझ्या हातात दिली. मणक्याचं पाणी आमचे लॅबचे साहेबच बघत, आणि ते चारला येणार होते. माझ्या भावाची नळी! तिची हेळसांड व्हायला नको म्हणून मी ती फ्रिजच्या अगदी आत, बर्फाला टेकवून ठेवली. चारला साहेबांनी बघितलं. पू-पेशीच पेशी, गोल, गप्प. जंतू मात्र एकही दिसेना. "कधी कधी नाही दिसत," म्हणाले. मेंदूज्वर धरून पेनिसिलिन सुरू झालं. खरं सांगते, मी निर्धास्त झाले. त्या औषधानं माणसं उठून चालत घरी गेलेली मी पाहिली होती.

सोमवारी तो आईलाही ओळखेना. पुन्हा पाणी काढलं. सकाळपासून वीज नव्हती, फ्रिज बंद, म्हणून नळी मुठीतच धरून मी खिडकीशी गेले. सूक्ष्मदर्शकाला खाली आरसा होता आणि उन्हाला काय तोटा! साहेब येईपर्यंत दम निघेना. थेंब काचेवर घेतला आणि मीच डोळा लावला. त्यातली एक पेशी चालत होती. अंगाचा एक फुगा पुढं काढायची, मग उरलेलं अंग त्यात ओतायची. मग दुसरी दिसली, तिसरी दिसली. पू-पेशी अशी झपाट्यानं चालत नाही गं बाई, असं मी स्वतःलाच मोठ्यानं म्हणाले.

साहेब आले, वाकले, आणि बराच वेळ मान वर करेनात. "अमीबा," म्हणाले. "जुलाबातला नव्हे. हा कोमट पाण्यात मोकळा राहतो, तिथले जंतू खातो. माणसाची त्याला गरजही नसते. नाकातून वर चढला की मात्र मेंदू खातो." मग त्यांनी कालची नळी मागितली. मी ती मुठीत धरून उबवली. थोड्या वेळानं तीही मंडळी चालायला लागली. माझ्या बर्फानं आखडून गोळा झाली होती, एवढंच. पेनिसिलिनला तो अमीबा दाद देत नाही. दुसरं औषध मुंबईहून मागवलं, ते मंगळवारी दुपारी पोचलं. भाऊ सकाळीच गेला होता. वरातीमागून घोडं.

"बाई, काल कळलं असतं तरी वाचला नसता," साहेब म्हणाले. "यातून वाचत नाहीत."

"असे किती बघितलेत तुम्ही?"

"हा पहिलाच," म्हणाले आणि चष्मा पुसत बसले.

दिवसकार्य झाल्यावर आई उठली ती खण, नारळ, हळदकुंकू ताटात घेऊन विहिरीकडं निघाली. आमच्याकडं विहिरीत आसरा असतात, पाण्यातल्या बायका. दर चैत्रात त्यांची ओटी भरतात. त्या साली दुष्काळाच्या गडबडीत आईकडून राहून गेली होती. "माज्या हातनं चुकलं, म्हनून नेला त्येंनी त्येला," असं ती छाती बडवून सांगत होती. मला ऐकवेना. चोर सोडून संन्याशाला फाशी! मी तिला बांधावर अडवलं. म्हटलं, "आई, तुझी चूक नाही, आसरांची नाही. पाण्यातला किडा होता तो."

"तुला दिसला?"

"दिसला."

"कवा?"

"सोमवारी."

"नळी तर ऐतवारी दिली हुती तुज्या हातात."

मी सगळं सांगितलं. फ्रिज, बर्फ, चार वाजता आलेले साहेब, काही लपवलं नाही. तिनं ताट एका हातावर घेतलं. मग पदरानं माझं तोंड पुसलं, आणि म्हणाली, "ह्ये कुनाला सांगू नगंस. आसराच असू देत."

ती विहिरीकडं गेली आणि ओटी भरून आली. त्यानंतर मरेपर्यंत, जो कुणी विचारेल त्याला ती हेच सांगत राहिली, की माझी ओटी राहिली म्हणून माझा पोरगा गेला.