सात कोरे महिने

माझी आत्या समुद्राची उंची मोजते. कुणी विचारले की ती असेच सांगते, आणि समोरचा माणूस एकतर हसतो किंवा विषय बदलतो.

बंदराच्या धक्क्याच्या अगदी टोकाला तिची खोली आहे. आठ पावले लांब, सहा पावले रुंद. खोलीच्या मधोमध फरशीत एक नळीसारखी विहीर आहे, तोंड बादलीएवढे. ती थेट खाली समुद्रात उतरते. तळाशी तिला एकच लहान भोक ठेवलेले आहे, त्यामुळे बाहेर लाटा कितीही उसळोत, आतले पाणी शहाण्यासारखे सावकाश चढते आणि सावकाश उतरते. त्या पाण्यावर तांब्याचा पोकळ गोळा तरंगतो. गोळ्याला तार, तारेला चाक, चाकाला पेन. पेनासमोर कागद गुंडाळलेला डबा घड्याळाच्या चावीवर दिवसभरात एक फेरी घेतो. भरतीला रेघ चढते, ओहोटीला उतरते.

पण यंत्रावर कुणी आंधळा विश्वास ठेवत नाही. रोज दोनदा आत्या बाहेरच्या दगडी पायऱ्या उतरते, भिंतीला ठोकलेल्या आकड्यांच्या पट्टीवर पाणी कुठवर आले आहे ते डोळ्यांनी बघते आणि वहीत लिहिते. पेन आणि पट्टी जुळली नाहीत तर पट्टीचे खरे मानायचे आणि पेन सरकवायचे. हा नियम तिला तिच्या वडिलांनी, म्हणजे माझ्या आजोबांनी शिकवला. एकतीस वर्षे ते काम आजोबांनी केले. मग आत्या. तिला आता बावीस वर्षे झाली.

लहानपणी सुट्टीत मी त्या खोलीत कितीतरी दुपारी काढल्या. तिथे लाटांचा आवाज कसा कोण जाणे दुरून आल्यासारखा येतो. जवळ फक्त घड्याळाची टिकटिक आणि मधूनच चाकाची बारीक किरकिर. आत्या चटईवर आडवी होऊन डोळे मिटायची आणि त्या किरकिरीवरून सांगायची, "आता उलटलं. आता उतरायला लागेल." मी उठून कागद बघायचे, तर रेघ खरोखरच टेकडीच्या माथ्यावर असायची. मलाही मग झोप यायची, आणि झोपेत वाटायचे की आपण सगळे, खोली, चटई, आत्या, एका मोठ्या जनावराच्या पोटावर पडलो आहोत आणि ते शांत श्वास घेते आहे.

मी पुढे स्थापत्य शिकले, पुलांच्या कामावर लागले. यंदा रजा काढून आत्याकडे गेले, तर टेबलावर मुख्य कार्यालयाचे पत्र. आत्याने ते माझ्याकडे सरकवले. "वाच. तुला कळते ती भाषा."

पत्र लांबलचक होते, पण मुद्दा एवढाच. आजूबाजूच्या सगळ्या बंदरांत समुद्राची पातळी दरवर्षी थोडी थोडी वाढते आहे. एकट्या आमच्या बंदरात ती उतरताना दिसते, वर्षाला तीन मिलिमीटर. एकाच समुद्रात हे कसे शक्य आहे? सबब गेल्या अकरा वर्षांच्या नोंदी संशयास्पद धरण्यात येत आहेत. तपासणीसाठी अधिकारी येतील. दोष नोंद घेणाऱ्याचा निघाला, तर अकराही वर्षे रद्द होतील.

"अकरा वर्षं," आत्या म्हणाली. "रोज दोनदा. म्हणजे आठ हजार वेळा मी त्या पायऱ्या उतरले. ताप असताना उतरले. तुझ्या लग्नाच्या दिवशी सकाळचं माप घेऊन मग साडी बदलली."

"आत्या, तू चूक केलेली नसणार."

कपाटातली एक जुनी वही तिने काढली, उघडली नाही, नुसती उशाशी ठेवली.

तपासणीला आल्या त्या मोजणीवाल्या बाई. बुटक्या, उन्हाची मोठी टोपी, बोलणे मोजके. पहिल्या दिवशी त्यांनी पट्टीच तपासायला घेतली. धक्क्याच्या दगडात एक पितळी खिळा कायमचा पुरलेला आहे. पट्टीवरचे शून्य त्या खिळ्यापासून किती खाली असावे हे जुन्या तक्त्यात लिहिलेले असते. आत्याने काही वर्षांपूर्वी होडीत उभे राहून पट्टीवरचे पुसट आकडे स्वतः रंगवले होते. ते वरखाली झाले असतील तर सगळा दोष तिथेच होता.

मापाची काठी धरायला भोंगा आला. हा बंदरावर भोंगा वाजवतो, म्हणून त्याचे नाव भोंगा. आवाजही तसाच.

"बाई, काठी सरळ आहे ना? मी वाकडा असलो तरी चालेल?"

"तुम्ही गप्प असलात तरी चालेल," दुर्बिणीतून डोळा न काढता बाई म्हणाल्या.

"ऐकलंत का ताई? वीस वर्षं तुम्हाला जे जमलं नाही ते यांनी दहा मिनिटांत केलं."

आत्या हसली नाही. पायरीवर बसून ती ओल्या दगडावर बोटाने रेघा ओढत होती. बाईंनी तीनदा वाचन घेतले, आकडेमोड केली आणि वही मिटली.

"रंग अगदी जागच्या जागी आहे. एक मिलिमीटरही हललेला नाही."

"मग?" मी विचारले.

"मग खिळ्याला विचारू."

दुसऱ्या दिवशी त्यांनी खिळ्यावर तिपाई उभी केली आणि तिच्यावर एक पांढरी थाळी बसवली. उपग्रहांचे संदेश ऐकून ही थाळी स्वतःची जागा सांगते, उंचीसकट. अकरा वर्षांपूर्वी याच खिळ्यावर अशीच थाळी ठेवली गेली होती. त्या वेळचे आकडे कार्यालयात होते. तीन दिवस थाळीला कुणी हात लावायचा नव्हता. भोंगा स्टूल टाकून पहाऱ्याला बसला आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगू लागला, "हळू चाला, खिळा ऐकतोय."

ते तीन दिवस विचित्र शांततेत गेले. वारा नव्हता, पाणी तेलासारखे सपाट होते. आत्या वेळेवर पायऱ्या उतरायची, माप घ्यायची, वर येऊन लिहायची, आणि मग खिडकीत बसून राहायची. एकदा म्हणाली, "पाण्याकडे इतकी वर्षं बघितलं ना, आता कधीकधी वाटतं की ते जागचं हलत नाही. हलतो तो आपणच."

चौथ्या दिवशी बाईंनी संगणक खोलीत आणला. आम्ही तिघी विहिरीभोवती बसलो. त्या म्हणाल्या, "खिळा वर गेलाय. साडेसहा सेंटिमीटर."

"खिळा कसा वर जाईल? दगडात आहे तो," आत्या म्हणाली.

"दगडही वर गेलाय. धक्का, बंदर, मागची टेकडी, सगळंच."

मग त्यांनी समजावले. किनाऱ्यापासून दूर, समुद्राच्या तळाचा खडक आपल्या जमिनीखाली सरकतो आहे, नखे वाढतात तितक्याच संथपणे. पण खाली तो एका जागी अडकून बसला आहे. मागून जोर येतोच आहे, पुढे वाट नाही. मग जमिनीची कड हळूहळू वाकून वर उचलली जाते. वर्षाला सहा मिलिमीटर. समुद्र इथेही तीन मिलिमीटर वाढतोच, पण जमीन त्याच्या दुप्पट चढते, म्हणून पट्टीवर पाणी उतरल्यासारखे दिसते. कधीतरी, दहा वर्षांनी म्हणा, दोनशे वर्षांनी म्हणा, ती अडकलेली जागा सुटेल. तेव्हा मोठा भूकंप होईल आणि ही कड एका मिनिटात खाली बसेल. ती किती ताणली गेली आहे हे कळायला अशाच नोंदी लागतात, रोजच्या, न चुकता घेतलेल्या.

मला शिकताना हे सगळे आकृत्यांत भेटले होते, बाणांसहित. पण त्या खोलीत बसून ते वेगळेच वाटले. मी फरशीवर तळहात टेकवला. गार, घट्ट, नेहमीचीच. आणि ती वर चालली होती. माझ्या सगळ्या सुट्ट्यांत, त्या सगळ्या दुपारच्या झोपांत, आम्हाला घेऊन अलगद वर चालली होती, कुणाला कूसही बदलायला न लावता.

"म्हणजे ताईंचं माप बरोबर," दारातून भोंगा म्हणाला. "मी सांगतच होतो."

"तुम्ही काहीच सांगत नव्हतात," बाई म्हणाल्या. मग आत्याकडे वळल्या. "फक्त एक जागा राहते. आठ वर्षांपूर्वीची."

पडद्यावर अकरा वर्षांची रेघ होती, बारीक थरथरत खाली उतरणारी. मध्ये एका ठिकाणी ती अचानक चार-पाच सेंटिमीटर उचलली गेली होती, तशीच सात महिने चालली होती आणि पुन्हा एका दिवसात खाली आली होती.

"गोळ्याची तार चाकावरून घसरली असेल," बाई म्हणाल्या. "असं होतं. यंत्रदोष म्हणून लिहिते. चालेल ना?"

चाक किरकिरले. बाहेर ओहोटी लागली होती.

"पण ते पट्टीवरचं वाचन आहे," आत्या म्हणाली. "पट्टीला तार नसते."

बाईंनी तिच्याकडे पाहिले. त्यांना हे ठाऊक नव्हते असे मला वाटत नाही.

आत्याने ती उशाशी ठेवलेली वही आणली. त्याच वर्षाची होती ती. सांगताना तिने मान वर केली नाही. आठ वर्षांपूर्वी आजोबा अंथरुणाला खिळले होते. रोज संध्याकाळी ते माप विचारायचे. एकदा मोठ्या ओहोटीला धक्क्याची सर्वांत खालची पायरी उघडी पडली, आणि हिने घरी येऊन त्या दिवसाच्या आकड्यासह ते सहज सांगितले.

"बाबा म्हणाले, एकतीस वर्षांत मी ती पायरी कोरडी बघितली नाही. तुझे आकडे चुकलेत. तू पट्टी वर रंगवलीस. मी म्हटलं, बाबा, मी नीट बघितलंय. तर म्हणाले, काम जमत नसेल तर सोडून दे, पण समुद्राला खोटं पाडू नकोस." आत्या थांबली. "त्यांना जेवण जाईना. झोप येईना. आणि मलाही वाटायला लागलं, त्यांनी एकतीस वर्षं बघितलंय, मी कोण? मग मी प्रत्येक मापात चार सेंटिमीटर वाढवायला लागले. पेनही तेवढं वर सरकवलं. घरी येऊन आकडा सांगितला की म्हणायचे, हां, आता बरोबर. आणि झोपायचे."

"सात महिने?" मी विचारले.

"ते गेले तोपर्यंत. दुसऱ्या दिवशी मी कामावर आले, पायऱ्या उतरले, आणि जे दिसलं ते लिहिलं."

मोजणीवाल्या बाईंनी वहीची पाने उलटून पाहिली. मग सावकाश म्हणाल्या, "तुम्ही हे लिहून दिलंत तर मला ते पुढे पाठवावं लागेल. नोंद जाणूनबुजून बदलली, असं एक कलम आहे आमच्याकडे. त्यात सगळी अकरा वर्षं जाऊ शकतात. खिळ्याचा पुरावा असला तरी."

"आणि नाही लिहिलं तर?"

"तर तार घसरली होती. पट्टी कुणी विचारणार नाही."

आठ हजार वेळा उतरलेल्या त्या पायऱ्या माझ्या डोळ्यांपुढे आल्या. मी आत्याचा हात दाबला. गप्प बस, असाच त्याचा अर्थ होता, आणि तिला तो कळला.

"तू पूल बांधतेस ना?" ती मला म्हणाली. "एक खांब मनाने लिहिलेल्या मापावर बांधशील?"

तिने कागद घेतला आणि अर्ध्या तासात दीड पान लिहिले. पहिल्या दिवसाची तारीख, शेवटच्या दिवसाची तारीख, खाली सही.

सहा आठवडे उत्तर नव्हते. भोंग्याने मला फोन करून सांगितले की ताई माप घेतात, लिहितात, पण चटई गुंडाळून ठेवली आहे; दुपारी पडत नाहीत. मी पुन्हा रजा काढली. मी पोहोचले त्याच दिवशी मोजणीवाल्या बाई आल्या, या वेळी टोपीशिवाय.

"तुम्ही लिहिलेल्या दोन्ही तारखा रेघेशी तंतोतंत जुळल्या," त्या बसता बसता म्हणाल्या. "समितीतले एक गृहस्थ म्हणाले, जी बाई स्वतःची चूक तारखेनिशी सांगते, तिच्या बाकीच्या दिवसांवर मी डोळे मिटून विश्वास ठेवीन. बाकीची वर्षं ठेवली. ताकीद आहे, ती मात्र फाईलला लागेल."

आत्याने नुसती मान हलवली. तिचे खांदे खाली आले, तेव्हा कुठे मला कळले की इतके दिवस ते वर होते.

"राहिले सात महिने. त्यातले चार सेंटिमीटर मी वजा करून टाकते, म्हणजे रेघ सलग होईल."

"चारच नव्हते नेहमी," आत्या म्हणाली. "त्यांना जास्त त्रास होत असला तर पाच. एकदा सहासुद्धा. कधी किती, ते मला आठवत नाही."

"मग संगणक दोन्ही बाजू बघून मधलं भरून काढेल. कुणाला कळणारही नाही."

"नको. भरू नका. त्या दिवसांत मी पाण्याकडे बघतच नव्हते, तर भरायचं काय? कोरं राहू दे."

बाईंनी तक्ता उघडला. सात महिन्यांपुढे एकेक करून 'नोंद नाही' असे लिहीत गेल्या. शेवटी कारणाचा रकाना आला. "इथं काय लिहू? यंत्र बंद, खराब हवामान, वाचक गैरहजर. यातलं एक लिहायचं असतं."

आत्याने विचार केला. खिडकीतून भरतीचा उजेड छतावर हलत होता.

"लिहा," ती म्हणाली, "मोजणारीचं लक्ष घरी होतं."

रकाना लहान होता. बाईंनी तेच शब्द लिहिले. शेवटचे दोन चौकटीबाहेर गेले.