छताचं कलम राखणारे ठवकरसाहेब

ठवकरसाहेबांशी माझी ओळख भांडणातून झाली. भिलाईच्या वसाहत-बांधकाम विभागात मी नकाशे काढायला नुकतीच लागले होते. माझा नकाशा पाहून साहेब म्हणाले, "बाई, या पश्चिमेच्या खिडकीत मे महिन्यात दुपारी तुमी स्वतः बसून पाहा." अस्सा राग आला मला! पण घरी तशी बसले, आणि दुसऱ्या दिवशी मुकाट्यानं खिडकी खोडली.

साहेबांचा हट्ट एकच. घर असं बांधा की ते थंड ठेवायला वीज कमी लागावी. सरकारच्या लहान घरांच्या योजनेतून जवळच्या रिसालीकडे घरं व्हायची होती. छतावर विटांच्या तुकड्यांचा नि चुन्याचा जाड थर आणि खिडक्यांवर रुंद छज्जे, हे कलम साहेबांनी त्यात घातलं. राजधानीतले, भोपाळचे अधिकारी ते काढायला निघाले. "पंखा दे देंगे, काफी है!" कलम गेलं असतं तर गरिबांची बिऱ्हाडं आयुष्यभर तापत्या तव्यावर राहिली असती.

साहेब वाद घालत बसले नाहीत. त्यांनी बैठकच मे महिन्यातल्या भर दुपारी, सेक्टर सहामधल्या माझ्या वरच्या मजल्यावरच्या क्वार्टरमध्ये ठेवली! त्याआधी येऊन सासूबाईंची परवानगी घेतली. त्या म्हणाल्या, "घ्या ना साहेब. मले फक्त चहा किती लोकांचा ते सांगा."

पंखा पूर्ण वेगात फिरत होता आणि अंगावर गरम झळा फेकत होता. शेवटी मोठे अधिकारीच ओरडले, "अरे, बंद करो इसे!" सासूबाई दारातून म्हणाल्या, "कावून बंद करता जी? आमी तं रोज असंच राहून राहिलो."

साहेबांनी सगळ्यांना शेजारच्या क्वार्टरमध्ये नेलं. तिथल्या छतावर नमुन्यादाखल तो थर आधीच घातलेला होता. पाहुणे तिथे टेकले, पुन्हा चहा मागितला आणि उठायचं नाव घेईनात. कलम राहिलं, वर आमच्या जुन्या क्वार्टरांनाही लागू झालं! ऑफिसात आम्ही टेबलं बडवून आनंद केला.

काम सुरू झालं तेव्हा साहेबांनी स्वतःचा बंगला सगळ्यात शेवटी ठेवला. त्यांच्या पत्नी, आमच्या वहिनी, त्यावरून त्यांना अजून टोमणे मारतात.

सासूबाई उन्हाळ्यात दुपारी जिन्यात पदर पसरून पडायच्या. आमचं छत झालं आणि त्या स्वतःच्या खोलीत गाढ झोपल्या. आज साहेबांच्या साठीला मी त्यांना ठणठणीत शंभरी चिंतते, पण माझ्या आधीच सासूबाई त्या दुपारी उठून, डोळे पुसत म्हणाल्या होत्या, "तुह्या साहेबाले माहं आयुष्य लागो."