‘उजळे’मधला ळ

आमच्या वाशिमकडे ळ बोलत नाहीत. डोळ्याला डोया म्हणतात, काळ्याला काया, आणि त्यावाचून कुणाचं काही अडत नाही. मीही तशीच बोलायची. पुढे संगीत नाटक कंपनीत गेले, तिथे एका म्हाताऱ्या गायकनटाने माझी जीभ वळवली. मनातल्या मनात त्याला शिव्या घालत मी ळ शिकले, आणि एकदा शिकले ती कायमची.

बोलपट आले आणि कंपनी बसली. आमचे हे कंपनीत पेटी वाजवायचे. आम्ही दोघं बाडबिस्तरा घेऊन वाशिमला परतलो. गावात हौशी मंडळींचं नाटक मंडळ होतं. त्यांना पेटीवाला हवा होता, तो मिळाला. गाणं शिकवायला बाई काही त्यांनी मागितली नव्हती, ती पेटीबरोबर आली. मंडळाचे चिटणीस एक वकीलसाहेब होते. रस्त्यात भेटले तर कंपनीतली बाई म्हणून ते मान वळवायचे आणि तालमीत माझ्यासमोर आ वासून स्वर लावायचे. मीही त्यांना कधी बसा म्हटलं नाही.

त्या वर्षी नायकाचं काम बांगडीवाल्याकडे गेलं. मुसलमान मणियार, पंचविशीचा, डोक्यावर बांगड्यांची पेटी घेऊन गल्लोगल्ली फिरायचा. त्याची हाक वेशीवर सुरू झाली की बाजारात ऐकू यायची. पण हाक म्हणजे गाणं नव्हे. हाक घशातून येते, आणि घशावर तीन अंकी नाटक निघत नाही. आमचं नाटक कापसाची सरकी काढतात त्या जिनाच्या आवारात व्हायचं. तिथे कर्णा नाही, काही नाही. मागे बैलगाड्यांवर बसलेल्याला शब्द न् शब्द कळला पाहिजे. मी आधी त्याचा श्वास पोटात उतरवला, खांदे खाली आणले, मग सूर. पोरगा कष्टाळू होता. दिवाळीपर्यंत त्याचा वरचा षड्ज असा लागायला लागला की आमच्या ह्यांनी एकदा पेटी थांबवून नुसतं ऐकलं.

मग ते पद आलं. नाटक गावच्याच शाळामास्तरांनी लिहिलेलं. दुसऱ्या अंकाच्या शेवटी नायक गातो, आणि ‘उजळे’ या शब्दावर वरच्या षड्जाला जाऊन थांबतो. बांगडीवाला गेला, थांबला, आणि म्हणाला, ‘उजयेऽऽ’.

सगळे पोट धरून हसले. हसणाऱ्यांत एकाच्याही घरी ळ नव्हता. मी म्हटलं, ‘‘घरी डोया म्हणणाऱ्यांनी दात झाका.’’ झाकले, पण तोवर त्याचा चेहरा उतरला होता.

खरी अडचण वेगळीच होती. तो ळ म्हणू शकत होता. पण वरच्या सुरावर ळ म्हणायला गेला की त्याचा जबडा आवळायचा आणि सूर चिरकायचा. सूर राखला की ळचा य व्हायचा. दोन्ही एका वेळी हातात येईनात.

वकीलसाहेबांनी मार्ग काढला. ‘‘बाई, ‘उजळे’च्या जागी ‘चमके’ घालू. मास्तरांची हरकत नाही. ते नको असेल तर अकोल्याहून माझा मेहुणा बोलावतो. त्याचा ळ स्वच्छ आहे.’’

‘‘असेल,’’ मी म्हटलं, ‘‘पण तो पहिल्या रांगेच्या पुढे ऐकू जायचा नाही.’’

घरी आल्यावर हे म्हणाले, ‘‘शब्द बदलला तर त्याचं काम वाचतं. हट्ट तुझा आणि नुकसान त्याचं.’’ ह्यांचं बोलणं मला झोंबलं. म्हणून दुसऱ्या दिवशी मी बांगडीवाल्यालाच विचारलं.

‘‘बदलू नका, बाई,’’ तो म्हणाला. ‘‘बदलला तं लोक म्हनतीन, मनियाराले जमलं नाई. साऱ्या गावानं मायी हाक आयकली हाये. आयकते अन् कवाड लोटून घेते. एक डाव बसून आयकाव मले.’’

मी हात पुढे केला, कारण तो बांगड्या भरायलाच आला होता. माझा हात मोठा, अंगठ्याच्या हाडाशी बांगडी नेहमी अडायची. मी सवयीने हात ताठ केला.

‘‘हात ढिला सोडा, बाई. आकडून धरसान तं फुटीन.’’

मी त्याच्याकडे बघितलं. ‘‘मग तू जबडा का आवळतोस?’’

तिथेच ओसरीवर शिकवणी सुरू झाली. तोंड आ म्हणताना असतं तसंच मोकळं ठेवायचं. जबड्याने काही करायचं नाही. बांगडी हाडावरून जाते तेवढाच वेळ जिभेचं टोक टाळूला लावायचं, आणि लगेच सोडून द्यायचं. सूर ळवर टेकवायचा नाही, ळवरून पुढे न्यायचा. तो बांगडी चढवता चढवता म्हणायचा, मी त्याच्या हनुवटीकडे बघायची. हनुवटी आवळली की त्याच्या बोटांतली बांगडीही तडकायची. माझ्या हाताला काचा लागल्या. शेजारणी म्हणाल्या, ही बाई रोज बांगड्या भरते, हिचं लग्न आहे की काय. म्हणू दे, म्हटलं.

शेवटच्या तालमीत ळ कधी आला, कधी निसटला. कुणी हसलं नाही, पण वकीलसाहेबांनी मला बाजूला घेतलं. ‘‘अजून वेळ आहे, मेहुण्याला निरोप धाडतो. याच्यावर सोडलंत आणि प्रयोगात हसू झालं तर?’’

‘‘तर माझं नाव घ्या,’’ मी म्हटलं. ‘‘एरवी तुम्ही घेत नाहीच.’’

प्रयोगाला रिसोडपासून, आमच्याकडच्या मालेगावपासून गाड्या आल्या होत्या. मी पडद्याआड उभी होते. दुसरा अंक संपत आला, पद सुरू झालं. तो षड्जाला चढला. मला त्याची हनुवटी दिसत होती. ती सैल होती. ‘उजळेऽऽ’ असा स्वच्छ, भरलेला सूर निघाला आणि ळ त्यातून अलगद पार झाला. पेटीवर ह्यांनी मान खाली घातली होती, ती वर उचलली.

क्षणभराने मागच्या गाड्यांवरून एकजण ओरडला, ‘‘अजून एक डाव, भाऊ! उजये म्हना!’’

मग सारं आवारच उठून ओरडायला लागलं. उजये, उजये. वकीलसाहेब पहिल्या रांगेत उभे राहून हात हलवत होते, आणि घाईत तेही उजयेच म्हणत होते.

बांगडीवाल्याने सगळ्यांना शांत होऊ दिलं. मीच शिकवलं होतं त्याला, लोक बसल्याशिवाय सूर लावायचा नाही. गाड्यांवरचे लोक एकेक करून खाली बसले. तो थांबला, पोटात श्वास भरला, आणि त्यांच्या उजयेला त्याने पुन्हा तोच ळ दिला. मी पदर डोळ्यांना लावला नाही. माझी विद्या समोर उभी राहून गात होती, आणि अख्खं वाशिम बसून ऐकत होतं.