पंडुमच्या आधीची कैरी

माणूस कुठला आहे हे ओळखायचं असेल तर मी त्याला गाव विचारत नाही. तुमच्या घरी वरणाला आंबट कशाचं घालतात, एवढंच विचारते. चंद्रपूरला नर्सिंग शिकत होते तेव्हा हॉस्टेलच्या एका खोलीत आम्ही चौघी होतो आणि वरणाच्या एका पातेल्यावरून रोज भांडायचो. मी राजुऱ्याची, आमच्याकडे चिंच. रत्नागिरीकडच्या मुलीची आई पार्सलने आमसुलं पाठवायची. सिरोंच्याची मुलगी अंबाडी सोडून दुसऱ्या कशाला आंबट मानायलाच तयार नव्हती. चौथी नगरची, ती लिंबू पिळून मोकळी व्हायची आणि आम्ही तिघी मिळून तिला आळशी म्हणायचो. या आंबटावर पुढे माझी नोकरी अडून राहील असं कुणी सांगितलं असतं तर आम्ही चौघीही हसलो असतो.

नोकरी लागली ती आलापल्लीच्या पुढे, जंगलातल्या एका माडिया गावात. उपकेंद्राजवळच्या घरात एक खोली भाड्याने मिळाली, जेवणही त्यांच्यातच. घरमालकीण साठीच्या आसपासची, घरात तिचा मुलगा आणि सून. ती मला बाई म्हणायची, मीही तिला बाईच म्हणायचे. आपसात ते माडियात बोलत, माझ्याशी मराठीत. मी गेले तेव्हा त्यांच्या ताटात भात, आंबील, जंगलातल्या नाना भाज्या आणि लाल मुंग्यांची चटणी असायची. ती चटणी म्हणजे त्यांचं आंबट. आमच्यात ती चालत नाही हे मी कसं सांगावं या विचारात होते, तर घरमालकीणच म्हणाली, "तुमच्यात नाई चालत ना, मले माईत हाय." आणि माझ्या वाटणीचं वरण तिने वेगळं ठेवलं. न सांगता समोरच्याचं ओळखणारी अशी माणसं मी फार थोडी पाहिली आहेत.

दुसऱ्या वर्षी मला दिवस गेले आणि पोटात काही ठरेना. भात उलटे, पोळी उलटे, चहासुद्धा उलटे. तिसरा महिना संपला, चौथा लागला तरी तेच. वजन उतरत चाललं. राजुऱ्याहून अम्मीचा रोज फोन, घरी ये म्हणून. मी रजेचा अर्ज लिहून रजिस्टरमध्ये ठेवलाही होता, फक्त वर तारीख घालायची बाकी होती. पण घरमालकिणीची सून आठव्या महिन्यात होती, पहिलंच बाळंतपण, आणि आसपास दुसरी नर्स नव्हती. घरमालकिणीने आडपडदा ठेवला नाही. "तुमी गेल्या तं माह्या सुनेले कोन पाह्यते?" तिने सरळ विचारलं. त्या दिवशीही मी अर्जावर तारीख घातली नाही.

उपकेंद्राच्या भिंतीवर गरोदर बाईने काय खावं याचा तक्ता होता. सफरचंद, बीट, पोळी-भाजी, दोन वेळा दूध. मी तो दर आठवड्याला बायकांना इमानेइतबारे वाचून दाखवायचे आणि त्या इमानेइतबारे मान हलवायच्या. आमच्या त्या गावात सफरचंद पोचेपर्यंत बाळंतीण उठून कामाला लागलेली असते. आता तोच तक्ता मी स्वतःसाठी वाचला आणि नुसत्या वाचण्यानेच मला मळमळलं.

अंगणात आंब्याचं झाड होतं, कैऱ्यांनी लगडलेलं. एका सकाळी राहवलं नाही. मी एक कैरी तोडली, तोंडाजवळ नेली आणि मागून आवाज आला, "थांबा बाई. आमचं मरका पंडुम झालं नाई अजून."

मरका म्हणजे आंबा, पंडुम म्हणजे सण. गावदेवाला आणि वाडवडिलांना नवा आंबा दाखवल्याशिवाय गावात कुणी आंबा तोंडाला लावत नाही. तिने रागावून सांगितलं नाही, हातातून कैरी घेतली आणि झाडाच्या बुडाशी ठेवली. राग मलाच आला, आणि चांगलाच आला. पोटुशीला कैरी नाकारणारा हा कुठला देव, असंही मी बोलून गेले. ती म्हणाली, "देव नाई म्हनत नाई. देव म्हनते, जरा दम धरा."

ती तशीच घरात गेली. थोड्या वेळाने अंबाडीची वाळलेली लाल बोंडं शिजवून, मीठ-मिरची घालून, पातळ आंबिलीत कालवून घेऊन आली. मी नाक मुरडतच वाटी तोंडाला लावली. ती पोटात राहिली. दुपारी पुन्हा प्यायले, तीही राहिली. सिरोंच्याच्या त्या मैत्रिणीला मी त्याच दिवशी फोन करून हार मानली. आठवड्याभरात मी भात खाऊ लागले. अर्ज रजिस्टरमध्येच राहिला.

पण माझी खोड जिरली नव्हती. रविवारी नवरा राजुऱ्याहून आला तो मी सांगितलेल्या बाजारातल्या कैऱ्या घेऊन. मी पिशवी घरमालकिणीसमोर धरली आणि वकिली केली, की हा आंबा तुमच्या झाडाचा नाही. ती हसली. "तुमच्या गावचा आंबा, तुमी खा. तुमाले कोन अडवते?"

मी ओसरीवर बसून मीठ-तिखट लावून कैरी खाल्ली, सुनेच्या देखत. तिला रक्त कमी होतं, तोंडाला चव नव्हती, तिलाही आंबट हवंच होतं. एक कैरी मी तिच्या हातात दिली आणि नर्सच्या आवाजात म्हटलं, खा, तुझ्यासाठी चांगली आहे. तिने ती घेतली, माझ्या खाण्याकडे पाहत राहिली आणि म्हणाली, "खातो मंग." मला वाटलं, सासूची लाज. खोलीत नेऊन खाईल. आपण जिंकलो या समाधानात मी दुसरी कैरी चिरली.

पंडुमचा दिवस यायला आणखी तीन आठवडे लागले. गावाबाहेर झाडाखाली सगळा गाव जमला होता. गायत्याने, म्हणजे गावच्या पुजाऱ्याने, पानांवर कैऱ्या मांडल्या. हिरव्यागार कैऱ्यांच्या रांगेत एक पिवळी पडलेली, सुरकुतलेली दिसली. मी सुनेकडे पाहिलं.

"तुमी देल्ली ती हाय," ती म्हणाली. "तांदळात ठेवली होती."

"खाल्ली काऊन नाई?" माझ्याही तोंडून त्यांचीच बोली निघाली.

"तुमच्या गावचा आंबा तुमाले चालते. पोट तं माह्या गावचं हाय ना, बाई."

मला आदल्या वर्षीचा रमजान आठवला. माझे रोजे होते. महिनाभर या घरातल्या कुणीही माझ्यासमोर पाण्याचा घोटसुद्धा घेतला नव्हता. ऐन उन्हात शेतातून आलेली घरमालकीण मला ओसरीवर बघून तांब्या उचलून मागच्या दारी जायची. ते मी तेव्हा पाहिलं होतं, आणि छान वाटून विसरूनही गेले होते. ज्यांनी माझी भूक अशी सांभाळली, त्यांच्या सुनेसमोर मी तीन आठवड्यांपूर्वी मिटक्या मारत कैरी खाल्ली होती. मला मनापासून लाज वाटली.

तिचं बाळंतपण पुढे माझ्याच हातून झालं आणि नीट झालं. माझी मुलगी झाली तेव्हा घरमालकिणीने राजुऱ्याला अंबाडीची बोंडं पाठवली, ती अम्मीने चिंचेच्या बरणीशेजारी ठेवली. पण ते सगळं नंतरचं.

त्या दिवशी पूजा झाली, गायत्याने हात जोडले आणि पानं घरोघरच्या बायकांच्या हातात आली. सुनेने ती सुरकुतलेली कैरी विळ्याने मधोमध चिरली आणि मोठा तुकडा माझ्या हातावर ठेवला. माझ्या वाट्याच्या कैऱ्या मी केव्हाच संपवल्या होत्या, हे तिला माझ्याइतकंच ठाऊक होतं.

"खा ना बाई," ती म्हणाली.

मी तुकडा हातात धरून बसले. तिने पहिला घास घेतला, मग मी घेतला.